स्विच दोन्हीवर होता

१४ नोव्हेंबर

आज बोट पाण्यात उतरली. नारळ मंजुळाने फोडला, कारण गाव तिच्या माहेरचं. पहूरपासून अकरा किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता चांगला. बत्तीस वर्षं धुळ्यात बॅटऱ्यांचं दुकान चालवलं, आता ते मुलगा हितेंद्र बघतो. मी त्रेसष्टाव्या वर्षी धरणावर पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना फिरवणार आहे.

ही वही बोटीसाठी. रोज संध्याकाळी दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे आणि स्विच कुठे ठेवला, एवढंच लिहायचं ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी हात लांबला.

भागीदार भाईदास. पाणी त्याचं, वायरी माझ्या. पेट्रोल तो बघेल, बॅटऱ्या मी. माझी मुलगी कामिनी नऊ वर्षांची असताना आजोळी आली होती, घाटाच्या पायरीवरून घसरून पाण्यात गेली. भाईदास जाळं टाकून होता. कपड्यांसकट उडी मारून तिला काढली आणि उलटी धरून पाणी बाहेर काढलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. बोट घ्यायची ठरली तेव्हा दुसऱ्या कोणाचं नाव माझ्या मनात आलंच नाही.

त्याला स्विच समजावून सांगितला. लाल गोल मुठीचा आहे, त्यावर चार जागा: एक, दोन, दोन्ही, बंद. एक नंबरची बॅटरी फक्त इंजिन सुरू करायला. दोन नंबरची मोठी, तिच्यावर पाणी उपसायचा पंप, दिवा आणि छोटी मुकी मोटर. पक्ष्यांजवळ जाताना इंजिन बंद करून या मुक्या मोटरवर हळूहळू सरकायचं. इंजिन चालू असताना स्विच दोन्हीवर, म्हणजे दोन्ही भरतात. इंजिन थांबलं की लगेच दोनवर. काठाला लागलं की बंद. इंजिन चालू असताना बंदवर कधीच न्यायचा नाही, चार्जिंगचा भाग जळतो. आणि इंजिन थांबल्यावर दोन्हीवर राहिला तर दोन्ही बॅटऱ्या बरोबर बसतात आणि आपण पाण्यात मधोमध.

भाईदास म्हणाला, "म्हणजे एक बैल औताला, एक गोठ्यात बांधलेला. दोघांना एकदम जुंपून दमवायचं नही."

इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

एक: १२.७. दोन: १२.७. स्विच बंद.

२३ नोव्हेंबर

जळगावहून अमन जैन आला होता, कापडाच्या घराण्यातला, गळ्यात हाताएवढा कॅमेरा. इंजिन बंद केलं, मुकी मोटर लावली आणि चक्रवाकांच्या थव्यापासून वीस हातांवर जाऊन थांबलो. एकही उडाला नाही. अमन म्हणाला, "काका, असं मी कुठेच पाहिलं नाही." पुढच्या महिन्यात आईवडिलांना आणणार म्हणाला.

भाईदासने घरी मासे पाठवले. या आठवड्यात दुसऱ्यांदा. मंजुळा साफ करता करता म्हणाली, "एवढे बारीक मासे जाळ्यात राहतात कसे? आणि एकाच्याही अंगावर दोऱ्याचा वळ नाही." मी म्हटलं, तो कसबी माणूस आहे. तिने पुढचा मासा उचलून उलटासुलटा बघितला.

एक: १२.६. दोन: १२.३. स्विच बंद.

२ डिसेंबर

सकाळी बोटीवर गेलो तर स्विच दोन्हीवर. एक ११.६, दोन ११.२. पंपाचं बटणही चालू होतं असं भाईदासने सांगितलं, तो माझ्याआधी येऊन बसला होता.

दुकानात पोरांना यासाठी मी शिव्या घातल्या आहेत. भाईदासला म्हटलं, "माझ्याकडून राहिलं वाटतं."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "होतं भाऊ. चालायचंच."

चार्जर लावून दिवस गेला. नाशिकची दोन माणसं परत पाठवावी लागली.

९ डिसेंबर

पुन्हा तेच. स्विच दोन्हीवर, बॅटऱ्या बसलेल्या.

कालचं पान काढून पाहिलं. माझ्याच अक्षरात लिहिलंय: स्विच बंद. पण रोज तेच लिहितो, तेव्हा हाताने सवयीने लिहिलं असेल. लिहिलं म्हणजे केलंच असं नाही. मूठ फिरवल्याचं आठवायला बसलो तर फिरवल्याचं आठवतं, पण ते कालचं की परवाचं ते सांगता येईना.

भाईदासला वही दाखवली. त्याने ती उलटीसुलटी करून परत दिली. "मले काय वाचता येतं, भाऊ. राहू द्या. मी आहे ना."

मंजुळाला अजून सांगितलं नाही. तिचे वडील शेवटी तिलाच ओळखत नव्हते.

१७ डिसेंबर

पलीकडच्या काठावर गेलो होतो. तिथे सुनंदाबाई भेटल्या. त्या आणि त्यांचा नवरा वना उथळ पाण्यात छोटी जाळी लावतात. डोक्यावर लाकडाचा भारा होता, म्हटलं बसा, पलीकडे सोडतो. त्यांचं माहेर शिरपूरकडचं, बोली अजून तिकडचीच.

"तुम्हनी नावमा मी बसाव नही," त्या म्हणाल्या.

का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "माहीत शे ना तुमले, मंग कशाले इचारतस? बठ्ठा बारीक मासा मरी जातस."

मला वाटलं, सगळा बारीक मासा मरतो तो इंजिनाच्या तेलाने, असं म्हणतायत. पेट्रोल गळत नाही, नळी नवी आहे, असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं आणि भारा घेऊन चालायला लागल्या. भाईदासला सांगितलं. तो म्हणाला, जुना वाद आहे, नवीन काही आलं की त्यांना खुपतं.

येताना काठाला बोटभर लांबीचे मेलेले मासे दिसले, बरेच. थंडीने असेल. यंदा पाणकावळेही इकडे उतरत नाहीत.

एक: १२.५. दोन: १२.१. स्विच बंद. तीनदा पाहिला. भाईदासलाही पाहायला लावला.

२२ डिसेंबर

खांदा वर होत नाही, तरी लिहितो.

काल अमन आईवडिलांना घेऊन आला. सुगनचंदजी पंचाहत्तरीचे, राजकुंवरबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खुर्चीसकट बोटीत बसवलं. दोन किलोमीटर आत गेलो, इंजिन थांबवलं, स्विच दोनवर घेतला. मुकी मोटर दहा मिनिटं चालली आणि बंद पडली. तेवढ्यात वारा सुटला. एकवर घेऊन चावी फिरवली तर नुसतं टक. दोन्हीवर घेतला, तेच. इंजिनाला दोरी गुंडाळून बारा वेळा ओढली, तेराव्या वेळी खांदा धरला. लाटेचं पाणी आत येत होतं आणि पंप मुका. अमन कॅमेऱ्याच्या पिशवीने पाणी उपसत होता. राजकुंवरबाई डोळे मिटून काहीतरी म्हणत होत्या.

भाईदासने वल्ही घेतली आणि एकट्याने सगळ्यांना लव्हाळ्यापर्यंत नेलं. पाऊण तास लागला. तिथून चिखलातून राजकुंवरबाईंना पाठीवर घेऊन काठाला आणलं, तेही त्यानेच.

काठावर सुगनचंदजींनी शांतपणे विचारलं, "पाटील, निघायच्या आधी बॅटरी बघत नाही का तुम्ही?"

मी सकाळी बघितली नव्हती. आदल्या संध्याकाळी बघितली होती, भरलेली होती. ते सांगायच्या आधी भाईदास म्हणाला, "भाऊंच्या हल्ली लक्षात राहत नही, शेठजी. दोनतीनदा झालं असं. त्यांच्यावर रागावू नका."

अमनने माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हाताऱ्याच्या खांद्यावर ठेवतात तसा.

भाईदास मला सांभाळून घेत होता हे कळत होतं. तरी पाण्यात बुडलो असतो तर बरं, असं एकदा वाटून गेलं.

मंजुळाला सांगितलं. तिने कामिनीला फोन केला.

२८ डिसेंबर

धुळ्याला डॉक्टर रूपल यांच्याकडे गेलो. कामिनी कॉलेजातून रजा घेऊन आली होती. भाईदास पहाटेच्या एसटीने माझ्याबरोबर निघाला, नको म्हटलं तरी. जळगावच्या पुढे कधी गेला नव्हता तो. वेटिंगमध्ये माझा हात हातात घेऊन बसला. त्याच्या तळव्याला फडकं बांधलेलं होतं, चुलीवर भाजलं म्हणाला.

डॉक्टरबाईंनी पाच शब्द सांगितले, मग घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले आणि मग ते शब्द विचारले. आंबा, खुर्ची, पितळ, नदी, रविवार. पाचही सांगितले.

"काका, मला तरी तुमच्यात काही सापडत नाही," त्या म्हणाल्या. "घरी काय काय झालं ते सांगा."

ते भाईदासने सांगितलं. तारखांसकट नाही, पण एकेक प्रसंग. स्विच, पंप, वारा. सांगताना त्याचा आवाज भरून आला. ऐकता ऐकता कामिनी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. डॉक्टरबाई म्हणाल्या, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, तोवर धोक्याचं काम एकट्याने करू नका.

येताना बसमध्ये भाईदास म्हणाला, "भाऊ, किल्ली माझ्याकडे असू द्या. तुमच्या जिवाला घोर नको." मी खिशातून काढून दिली. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. माझ्या हाताने आता कोणी बुडणार नाही.

७ जानेवारी

लिहायला काही नाही. आकडे नाहीत. बोट तोच चालवतो. मी ओट्यावर बसून उन्हाला पाठ देतो. मंजुळा गॅस बंद केलाय का ते माझ्यामागे जाऊन बघते. मला दिसतं, पण मी दिसल्याचं दाखवत नाही.

मासे रोज येतात. आज मंजुळाने ते परत पाठवले. म्हणाली, मला वास सहन होत नाही.

१९ जानेवारी

आज सकाळी वना पाण्यात पडला.

गुडघाभर पाण्यात जाळं काढत होता. सुनंदाबाई काठावर होत्या. तो एकदम ताठ झाला आणि लाकडासारखा आडवा पडला. त्याच्या भावाने ओढून बाहेर काढलं, छाती दाबली, तेव्हा कुठे श्वास आला. जळगावच्या दवाखान्यात नेलंय. शुद्धीवर नाही.

आमची बोट तिथून दहा हातांवर होती.

दुपारी भाईदास आला. ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला. "भाऊ, लोक म्हणतात नावेतून करंट उतरला पाण्यात. मी सांगितलं, भाऊंनी मागे वायर जोडली होती, उघडी राहिली असेल, त्यांच्या लक्षात राहत नही. डॉक्टरचा कागद आहे आपल्याकडे. विसरणाऱ्या माणसाला कोणी काही करत नही. निभावून जाईल."

मी म्हटलं, "वना जगेल ना?"

"जगेल."

"मग सांग तसंच."

तो वाकून पाया पडला. आजवर कधी पडला नव्हता.

मी वना महाजनला मारायला निघालो होतो. एका उघड्या वायरीने. देवा.

२० जानेवारी

अंघोळीचं पाणी घेताना डोक्यात आलं, ते लिहून काढतो.

बारा व्होल्ट. बत्तीस वर्षं मी बॅटरीच्या दोन्ही टोकांना ओल्या हातांनी धरत आलोय. मुंग्यासुद्धा येत नाहीत. बारा व्होल्टने दहा हातांवरचा माणूस ताठ होत नाही. मी सगळ्या वायरी उघड्या टाकून गेलो असतो तरी झाला नसता. त्याला दोनशेच्या वर लागतात, आणि बारातून दोनशे करायला मध्ये इन्व्हर्टर लागतो. तो मी बोटीत बसवलेला नाही. हे विसरलो असेन असं कितीही म्हटलं तरी नाही.

टॉवेल गुंडाळून मोरीत तसाच उभा राहिलो. मग बाकीचं आपोआप एकापाठी एक आलं. वळ नसलेले मासे. काठावरची मेलेली पिल्लं. सुनंदाबाई. भाजलेला तळवा. पहाटे त्याचं माझ्याआधी येऊन बसणं.

कपडे घातले आणि बोटीवर गेलो. दोन नंबरच्या टोकांवर चिमट्याच्या दातांचे ओरखडे होते, शिशात खोल रुतलेले. माझे नट तसे ओरखडे काढत नाहीत. स्विच दोन्हीवर होता.

भाईदास जाळ्यांच्या खोपटात होता. मला पाहून उठला नाही. गोणपाटाखाली इन्व्हर्टरचं डबडं होतं, करंटने मासे मारायला लांब दांड्याला तांब्याची कडी लावलेली. झाकायचा प्रयत्नही त्याने केला नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"नाव उतरली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

"आणि स्विच?"

"रात्री दोरी ओढून इंजिन लावायचो, स्विच दोन्हीवर करून. इंजिन थांबवलं की तसाच राहायचा. परतायची घाई, भाऊ. सुचायचं नही."

"मला का सांगितलं नाहीस?"

त्याने दांडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तुम्हीच म्हणाले ना. माझ्याकडून राहिलं वाटतं, असं तुम्ही म्हणाले. मी फक्त नाही म्हटलं नही."

"आणि शेठजींसमोर? त्यांच्यासमोर तर मी काहीच म्हणालो नव्हतो."

तो जाळ्याची एक गाठ सोडवायला लागला.

"डॉक्टरकडे आलास माझ्याबरोबर. हात धरून बसलास."

"तुम्ही एकटे घाबरले असते," तो म्हणाला. आणि हे तो खोटं बोलत नव्हता. तेच मला सहन झालं नाही. शिवी दिली असती, अंगावर आला असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

निघालो तेव्हा मागून म्हणाला, "कामिनीला मी काढलं होतं पाण्यातून."

"हो," मी म्हटलं. "म्हणून तर किल्ली दिली."

घरी येऊन मंजुळाला सांगितलं. तिने पदराने तोंड दाबलं. मला वाटलं रडते आहे. मग म्हणाली, "तुमचं डोकं ठीक आहे. ठीक आहे तुमचं डोकं." तेच तेच म्हणत राहिली. महिनाभर ती कशाच्या भीतीखाली जगली ते मला तेव्हा कळलं. माशांबद्दल तिने नोव्हेंबरातच सांगितलं होतं, ते तिने काढलं नाही.

२२ जानेवारी

जळगावला गेलो. वना शुद्धीवर आलाय. डावा हात उचलत नाही. डॉक्टर म्हणतात कदाचित येईल, कदाचित नाही.

सुनंदाबाई जिन्यात बसल्या होत्या. खालच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. बॅटऱ्या माझ्या, वायरी माझ्या, किल्ली मी दिली, आणि आता हे पोलिसांना लिहून देणार आहे, हेही.

"तुमले खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग तुम्ही रोज काय दखत व्हतात?"

काय बघत होतो. चक्रवाक बघत होतो. स्विच बघत होतो. स्वतःच्या डोक्यात काय बिघडलंय ते बघत होतो. त्यांना यातलं काहीच सांगितलं नाही. त्या उठून वर गेल्या. त्यांच्यासाठी जेवणाचा डबा नेला होता, तो पायरीवरच राहिला होता. मागे वळून त्यांनी तो उचलला नाही, आणि मलाही परत आणवेना.

२५ जानेवारी

काल रात्रभर पडून होतो, झोप नाही. सकाळी पोलीस ठाण्यात जबाब दिला. हितेंद्र दुकान बंद करून आला होता, त्याला बाहेर थांबवलं.

साहेब तरुण आहेत, नीट बोलले. म्हणाले, "भाईदासने लिहून दिलंय की तुम्हाला विसरण्याचा आजार आहे आणि ते उपकरण तुम्हीच बनवून दिलंत. काय म्हणता?"

उपकरण तुम्हीच बनवून दिलंत. हे नवीन होतं. खोपटात तो खरं बोलला होता, मला वाटलं होतं निदान तेवढं तरी आमच्यात उरलं. तो तिथून उठून इथे येऊन हे सांगून गेला.

मी डॉक्टरांचा कागद दिला, ही वही दिली. त्यांनी झेरॉक्स काढून घेतली. मग सुरुवातीपासून सांगितलं. कुठल्या तारखेला कोण आलं, कोणत्या बॅटरीत किती होतं, वारा कुठून होता, भाईदास काय म्हणाला, मी काय म्हणालो. साहेब मध्येच लिहायचे थांबले. "एवढं सगळं लक्षात आहे तुमच्या?"

मी म्हटलं, "आहे. नसतं तर बरं झालं असतं."

बोट जप्त झाली. गुन्ह्यात माझंही नाव येईल, मालक म्हणून. यावं. किल्ली देताना मी सुटल्यासारखं वाटून घेतलं होतं, ती माझीच चूक.

सही करून बाहेर आलो. व्हरांड्यातल्या बाकावर भाईदास बसला होता, शिपायाशेजारी. तळव्यावरचं फडकं आता नव्हतं. मी समोरून चाललो, बघितलं नाही. चार पावलं पुढे गेलो तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, चष्मा राहिला तुमचा. आत टेबलावर."

आवाज नेहमीचाच. बोटीतून उतरताना म्हणायचा तसा: भाऊ, सांभाळून, शेवाळ आहे.

मी थांबलो नाही. पुन्हा तेच करतोय, म्हटलं. शिपायासमोर, हितेंद्रसमोर, पुन्हा मला विसरणारा ठरवतोय. मान ताठ ठेवून फाटकापर्यंत गेलो आणि हितेंद्रच्या गाडीत बसलो. पहूरच्या जरा अलीकडे काहीतरी वाचायला म्हणून चष्म्यासाठी खिशात हात घातला.

खिसा रिकामा होता.

हितेंद्र म्हणाला, गाडी वळवू का. नको म्हटलं. उद्या येताना हितेंद्रच घेऊन येईल. हे पान बिनचष्म्याचं लिहिलंय, ओळी वरखाली झाल्या असतील.